सुभेदार पुन्हा आले

रायपूरच्या पोस्टिंगमधली गोष्ट. सुट्टी संपवून मी नागपूरला उतरलो, तर आमच्याच युनिटचे निवृत्त सुभेदार साहेब जुनी डिझेल व्हॅन घेऊन दारात उभे. मागची सीट काढून त्यांनी तंबू, स्टोव्ह, सतरंजी आणि अवजारांची पेटी भरली होती. म्हणाले, "रेल्वेनं काय जातोस? चल, मी सोडतो."

नागपूर ते रायपूर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोहोचतो. आम्हाला तीन दिवस लागले.

भंडारा ओलांडल्यावर फॅनबेल्ट तुटला. जवळ जादा होता, पण जुने नट सुटेपर्यंत अंधार पडला. साकोलीच्या अलीकडे एका ढाब्यामागे तंबू ठोकला. दुसऱ्या दिवशी देवरीच्या पुढे रेडिएटरचा होजपाईप फाटला. रबराची पट्टी आणि तार गुंडाळून तो कसाबसा बांधला, पण पाणी गळतच राहिलं. रस्त्याकडेच्या घरातल्या बाईंनी विहिरीचं पाणी दिलंच, वर वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅनही भरून हातात ठेवला. "न्या जी भाऊ, वापस येताना देजा." नाव विचारलं नाही, पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री बाघ नदीच्या पलीकडे, म्हणजे छत्तीसगडात, मुक्काम पडला. स्टोव्हवर खिचडी शिजत होती आणि माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. बैलगाडी दिवसाला वीस किलोमीटर चालते असं धरलं, तर एवढ्या वाटेला पंधरा दिवस. म्हणजे पंधरा मुक्काम. आस मोडणं, धाव निखळणं, ओंगण संपणं हे धरलं तर आणखी. आमच्यासारखे दोघं असले तर एका कॅनवर भागतं. पण मागे हजारो घोडे असले तर? प्रत्येक मुक्कामाचा दाणा, वैरण, सरपण कुठल्यातरी गावातूनच येणार.

1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर पूर्वेला निघाले. वाटेत छत्तीसगडच्या हैहयवंशी राजाची राजधानी रतनपूर त्यांनी घेतली आणि पुढे बंगालवर गेले. 1744 मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून दग्याने मारलं. आपण शाळेत हा दगा शिकलो. बंगालमध्ये मात्र आया अजून बाळाला 'बर्गी' आले म्हणून निजवतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार.

तिसऱ्या दिवशी दर दहा-पंधरा किलोमीटरला पाणी ओतत राजनांदगाव, दुर्ग मागे टाकलं आणि खारून नदी ओलांडून रायपुरात शिरलो. साहेबांना पुरानी बस्तीतलं महामाया मंदिर पाहायचं होतं. त्या अरुंद गल्लीत व्हॅन बंद पडली. डिझेल लाइनमध्ये हवा धरली होती. मागे रिक्षांची रांग लागली. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, कोण तुम्ही? साहेबांनी सवयीने ताठ होऊन सांगितलं, "सूबेदार हूँ, नागपुर से आया हूँ."

आजोबा हसले. "सूबेदार फिर आ गए?"

गल्ली हसली. साहेबही हसले, पण त्यांना संदर्भ लागला नाही. तो मी रात्री सांगितला.

1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून राज्य करत होते. त्यांची आठवण इथे बरी आहे. मराठी आणि मोडी दरबारात आली, दसऱ्याला सोनं वाटायची चाल पडली, ती त्यांच्याच काळातली म्हणतात. 1787 मध्ये ते गेले. त्यानंतर 1818 पर्यंत मुलूख नागपूरहून चालला आणि इथे नेमले गेले सुभेदार. नागपूरला पैसा पाठवणं हे त्यांचं पहिलं काम. इंग्रज आल्यावर मेजर अ‍ॅग्न्यू यांनी कारभार रतनपूरहून रायपूरला आणला, पण 'सुभेदार' हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला. दूधाधारी मठाच्या भिंतींवर मराठा काळातली चित्रं आहेत, भोसल्यांनी मठाला आश्रय दिला. तीही आपलीच खूण, आणि वसुलीही आपलीच.

साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं ही रँक खांद्यावर मिरवली. इथे तिचा असा अर्थ असेल, हे कुणी सांगितलं नव्हतं."

मी बुढा तलावाकडे बोट दाखवलं. पाण्यात विवेकानंदांचा पुतळा आहे. 1877 मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र आईबरोबर रायपूरला आला तेव्हा इथपर्यंत रेल्वे नव्हती. शेवटचा पंधरवड्याहून मोठा प्रवास बैलगाडीने झाला. त्या वाटेवरच्या डोंगर-जंगलाने तो भान हरपून गेल्याचं त्यांच्या चरित्रात आहे. वाट तशीच, बैल तसेच. फक्त तो मुलगा वाटेवरच्या गावांकडून काही वसूल करायला निघालेला नव्हता.

चार दिवसांनी साहेब नवा होजपाईप बसवून एकटेच परतले. देवरीच्या पुढे त्या घराशी थांबून त्यांनी कॅन परत दिला. रायपूरच्या बाजारातला दुबराज तांदूळ त्यात भरून. बाईंनी कोण म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त आपलं नाव सांगितलं.

जय हिंद.