बिनतारी जोडी जुळते कशी?

आषाढी एकादशीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंची गर्दी असते. आज त्यातील अनेकांच्या खिशात स्मार्टफोन असतो. काहींच्या कानात बिनतारी इअरफोन, तर काहींच्या श्रवणयंत्र. एवढ्या गर्दीत त्या यंत्राला नेमका आपलाच फोन कसा सापडतो? आणि कधीकधी तो का सापडत नाही? उत्तरासाठी आपल्याला सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

सुरुवातीच्या ठिणगी-प्रक्षेपकांच्या लहरी आसपासच्या सर्वच ग्राहकयंत्रांना मिळत. पुढे ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्ये आणि मार्कोनी यांनी १९०० मध्ये प्रक्षेपक व ग्राहक एकाच वारंवारतेला जुळवण्याच्या पद्धतींसाठी पेटंट अर्ज केले. आता संदेश इतरांपासून सुरक्षित राहील, असे वाटू लागले. पण जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनींच्या यंत्राचे प्रात्यक्षिक सुरू होण्याआधीच यंत्रावर टवाळीचा मजकूर उमटू लागला! जादूगार नेव्हिल मॅस्केलीन यांनी जवळूनच तो पाठवला होता. सूर जुळणे म्हणजे ओळख पटणे नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

पुण्याहून रेल्वेने पंढरपूरकडे निघालो की वाटेत दौंड लागते. इंग्लंडशी बिनतारी दळणवळण १९२७ मध्ये सुरू झाले, तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला व घेण्याचे दौंडला होते. तिथे वारंवारतेबरोबर एरियलची दिशाही ठरलेली होती. खिशातल्या फोनला मात्र ठरलेली दिशा कुठली?

यावर दुसरा मार्ग होता: वारंवारता सतत बदलत राहण्याचा. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये अशा योजनेचे पेटंट मिळाले; तीत ८८ वारंवारतांचा विचार होता. एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये ज्या कामाला सुरुवात झाली, त्यातून पुढे ब्लूटूथ आले. त्याच्या मूळ पद्धतीत दोन्ही यंत्रे ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा बरोबरीने उड्या मारतात.

राहिला प्रश्न ओळखीचा. पहिल्या जोडणीत दोन्ही यंत्रे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघेही ती साठवतात. पुढच्या खेपेस ओळख पटते ती या किल्लीने. बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच असते. एकाकडची किल्ली पुसली गेली, की दुसऱ्याकडची जुनी किल्ली निरुपयोगी ठरते. अशा वेळी फोन वारंवार बंद-चालू करण्यात अर्थ नाही. फोनच्या यादीतून ते उपकरण काढून टाकावे, उपकरणातील जुनी जोडणीही पुसावी आणि नव्याने जोडावे. उपकरण घरातल्या दुसऱ्या फोनला तर जोडलेले नाही ना, हेही पाहावे. दोन्हीकडे सहा आकडे दिसले तर ते ताडून पाहावेत. गर्दीत अनोळखी जोडणीला होकार देऊ नये. मॅस्केलीनचा धडा आजही लागू आहे.

गर्दीत आवाज तुटण्याचे कारण मात्र वेगळे असते. ब्लूटूथच्या सुमारे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातील पाणी शोषून घेते. शिवाय वाय-फायही बहुधा त्याच पट्ट्यात चालते. वर्गात करून पाहा: बिनतारी स्पीकर सुरू करून फोन दूर न्या आणि आवाज कोठे तुटतो ते मोजा. मग मध्ये दहा विद्यार्थी उभे करून पुन्हा मोजा. दोन्ही अंतरांतील फरकाचे कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.