सरपणाची बेगमी आणि नालवाडी : एक टिपण

शीत प्रदेशांत इंधनाचा साठा हिवाळ्यापूर्वी केला जातो. वर्धा परिसरात मात्र सरपणाची बेगमी पावसाळ्यापूर्वी होत आली. हिवाळ्यातील शेकोटीही त्याच साठ्यावर पेटे. कापसाची अखेरची वेचणी आटोपली की उपटलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि उन्हात वाळविलेल्या गोवऱ्या मृगापूर्वी रचून झाकून ठेवणे, हे मुख्यतः स्त्रियांच्या कष्टाचे काम होते.

परंतु या साठ्यावर शेताचाही दावा होता. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे विकसित केलेल्या कंपोस्ट पद्धतीत शेणाबरोबर पऱ्हाट्याही खतासाठी वापरल्या जात. गोवरी जाळली की राख तेवढी उरते, नत्र धुरावाटे निघून जाते. तेव्हा शेण जाळू नये हा उपदेश शास्त्रदृष्ट्या योग्यच म्हणावा लागेल.

तथापि १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे जेथे राहावयास आले, ती नालवाडी प्रामुख्याने दलितांची वस्ती होती. ज्याला शेत नाही, त्याला खताचा काय उपयोग? भूमिहीन कुटुंबाने रस्त्यावर वेचलेले शेण चुलीतच जाणार. विनोबांच्या नालवाडीतील वास्तव्याच्या संदर्भात सूतकताई व चर्मालय यांबरोबरच या चुलीचाही अभ्यास व्हावयास हवा.