साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि लौकरच सरकारची दृष्टि घराघरांतल्या हवेवर गेली. कोंदट हवेंत रोगाचें बीज वाढतें, अशी त्या काळची समजूत. म्हणून अंधाऱ्या खोल्यांवरचीं कौलें काढलीं गेलीं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच्. एच्.’ हीं अक्षरें रंगविलीं गेलीं. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. पण तें सर्वांच्या गळीं उतरण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. निदान चुकलें खरें, परंतु क्षयाच्या दृष्टीनें उजेडवाऱ्याचा उपाय कांहीं वायां गेला नाहीं.

त्याच १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्यापुढील खरें कोडें घरगल्लीचें होतें. दोन चाळींमधील ही अरुंद बोळकंडी मोरीचें पाणी व मैला वाहून नेण्यासाठीं. खोलीची एकुलती खिडकी उघडावयाची तीहि तिच्यावरच! वरच्या मजल्यावरून केरकचरा पडे. खालच्या बिऱ्हाडानें खिडकी कायमची लावून घेतली, तर दोष कोणाचा?

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं एका व्याख्यानांत या प्रश्नाची फोड केली. त्यांचा भर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनावर होता. लंडनच्या १८९४ च्या कायद्यांतहि हा कोन आढळतो. हिशेब सोपा आहे. समोरची इमारत ४० फूट उंच, तर मध्यें २० फूट मोकळी जागा हवी. ४५ अंश धरले असते तर पुरे ४० फूट सोडावे लागते, आणि मुंबईचा कोणता मालक त्यास कबूल होता?

पण हा कोन भिंतीबाहेर मोजावयाचा. पुढें १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी, डिलाइल रोड येथें चाळी उठविल्या. प्रत्येक मजल्यावर मध्यें बोळ आणि दोहों बाजूंस दहा दहा खोल्या. अशा घरांत वारा आरपार वाहावा, तर आपल्या खिडकीदाराबरोबर समोरच्या बिऱ्हाडाचें दार आणि त्याची खिडकीहि उघडी पाहिजे. समोर बाळंतीण असली, किंवा नवी सून न्हाणीच्या कोपऱ्यांत असली, कीं तें दार लोटलें जाई. आणि इकडचा वाराहि तेथेंच थांबे.