सुवाह्य श्रवण

सोबत नेता येणाऱ्या यंत्रावर, बहुधा प्रवासात किंवा हातातले काम चालू असताना, संगीत ऐकण्याची पद्धत. ट्रान्झिस्टर रेडिओ (१९५४), वॉकमन (१९७९), खिशात मावणारा डिजिटल प्लेअर (१९९८) आणि मोबाइल फोन ही तिची मुख्य साधने. या साधनांनी संगीताच्या आवाजाचा दर्जा घसरवला असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. यंत्रे एकंदरीत सुधारत गेली, बिघडली ती ऐकण्याची जागा. संगीत बैठकीच्या खोलीतून उठून बसमध्ये, लोकलमध्ये आणि रस्त्यावर आले. तेथे त्याची गाठ गोंगाटाशी पडली आणि त्यात पहिल्यांदा गेला तो हळू आवाज. पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत सापडते. नोंदीतली उदाहरणे शक्यतो ख्यालगायनातली घेतली आहेत, कारण तानपुऱ्याच्या झंकारापासून सुरू होणाऱ्या या गायकीत हळू आवाजाला जेवढी किंमत आहे तेवढी क्वचितच अन्यत्र असते.

ट्रान्झिस्टर : चार ट्रान्झिस्टरांवर चालणारा ‘रीजन्सी टीआर-१’ हा रेडिओ १९५४ च्या अखेरीस अमेरिकेत ४९.९५ डॉलरला विक्रीस आला. एवढ्याशा पेटीतल्या तीन इंचांहून लहान स्पीकरला खर्जाचे स्वर पेलत नसत आणि मध्यलहरींवर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा येतच नसे. डग्ग्याचा घुमारा आणि तारेची धार दोन्ही गेल्यावर उरायचा तो गळा. मूळ स्वर न वाजताही त्याच्या वरच्या स्वरांवरून कान तो ओळखून घेतो, म्हणून माणसाचा आवाज या डबीतूनही समजत असे. रेडिओ सिलोन आणि १९५७ साली सुरू झालेली विविध भारती यांचा मोठा श्रोतृवर्ग अशाच आवाजावर पोसला. मात्र हे ऐकणे एकट्याचे नव्हते. ट्रान्झिस्टर एकाच्या हातात असला तरी तो ओटाभर लोकांसाठी वाजे. यंत्र हलके झाले म्हणून श्रोता एकटा पडला, असे म्हणता येत नाही, ते एवढ्यासाठीच.

वॉकमन : सोनी कंपनीचा टीपीएस-एल२ हा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी ३३,००० येनला बाजारात आला. यंत्र म्हणून त्यात नवे थोडेच होते. पत्रकारांसाठीच्या ‘प्रेसमन’ या छोट्या टेपरेकॉर्डरमधला ध्वनिमुद्रणाचा भाग आणि स्पीकर काढून स्टीरिओ ऐकण्याची सोय केली, इतकेच. कंपनीचे एक संस्थापक मासारु इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचे होते, त्यातून ही कल्पना निघाली. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी ती रेटली. मुद्रण न करणारा टेपरेकॉर्डर घेणार कोण, ही शंका कंपनीतच होती. पहिली ३०,००० यंत्रे ऑगस्टअखेरपर्यंत संपली. या कल्पनेच्या श्रेयाबद्दल वाद आहे : आंद्रेआस पावेल यांनी १९७७ मध्येच इटलीत ‘स्टीरिओबेल्ट’च्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि सोनीशी त्यांचा अनेक वर्षांचा तंटा अखेर आपसात मिटला.

खरा बदल हेडफोनमध्ये होता. घरी वापरायचे तेव्हाचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचे, कान पूर्ण झाकणारे असत. वॉकमनबरोबरचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमचा, कानावर नुसता टेकणारा, स्पंजच्या चकत्यांचा होता. स्पंज आवाज अडवत नाही. बाहेरचा खडखडाट आत येई आणि आतली चिसचिस शेजारच्याला ऐकू जाई. बाहेरच्यावर मात करण्याचा एकच उपाय हाती होता, आवाज वाढवणे. पुढे चाळीस वर्षे जे घडले त्याची सुरुवात स्पंजच्या या दोन चकत्यांपाशी आहे.

कॅसेट मुळात संगीतासाठी आखलेली नव्हती. फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स यांच्या गटाने १९६३ मध्ये ती आणली ती मुख्यतः बोलणे टिपून घेण्यासाठी. फीत ३.८१ मिमी रुंद, तिच्यावर स्टीरिओच्या दोन्ही बाजू मिळून चार पट्टे, आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंमी; स्टुडिओत हाच वेग ३८ सेंमी असे. फितीची सरसर आणि सर्वांत मोठा आवाज यांत, ती सरसर कमी करणारी डॉल्बीची सोय नसेल तर, सुमारे ५० डेसिबलचे अंतर राही. रात्री निवांत खोलीत विलंबित ख्याल लावला, की पहिल्या षड्जाच्या आधी ही सरसर ऐकू येई. लोकलमध्ये तीच ऐकू येत नसे. गोंगाट तानपुरा गिळत होता, तशी फितीची सरसरही गिळत होता. रस्त्याने कॅसेटचा दोष असा झाकला आणि ‘एवढे पुरे’ हे माप श्रोत्याच्या अंगवळणी पडले. पेन्सिल घालून सैल फीत गुंडाळून घेणाऱ्या पिढीने दर्जाबद्दल फारशी कुरकुर केलेली दिसत नाही, ती बेफिकिरीने नव्हे. ती जेथे ऐकत होती तेथे कॅसेट खरोखरच पुरेशी होती.

भारतात कॅसेटने ध्वनिमुद्रणाचा धंदा एका बड्या कंपनीच्या हातून सोडवला. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतातल्या या घडामोडींची तपशीलवार नोंद आहे. महाराष्ट्रात कोळीगीते, भीमगीते, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, पु. ल. देशपांडे यांची कथाकथने फितींवरून घरोघर गेली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायकांच्या फिती काढल्या. ३ मिनिटांच्या तबकडीत राग कोंबून बसवणाऱ्या पिढ्यांनंतर सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, म्हणजे चैनच होती. फक्त बंदिश नेमकी रंगात आली असता खटका पडे आणि फीत उलटावी लागे.

मिनिडिस्क : छोटी डिजिटल तबकडी; सोनी, १९९२. जपानबाहेर रुळली नाही.

दाबणे आणि आटवणे : या दोन क्रिया सर्रास एकच समजल्या जातात. दाबणे म्हणजे मोठा आवाज खाली आणून हळू आवाज वर उचलणे, दोन्हींतले अंतर कमी करणे. आटवणे म्हणजे ध्वनीची माहिती कमी जागेत बसवणे. दाबलेले संगीत आटवलेले असेलच असे नाही, आणि उलटही तसेच. सुवाह्य श्रवणाचा हिशेब मांडताना दाबणे अधिक महत्त्वाचे ठरते, तक्रार मात्र आटवण्याचीच जास्त होते.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीने हळू आणि मोठ्या आवाजांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर ठेवण्याची सोय केली. १९८४ मध्ये सोनीचा डी-५० हा सुवाह्य सीडी प्लेअर निघाला. चालत्या बसमध्ये या ९६ पैकी हाती किती लागतात, ते पाहावे. बसमध्ये ८० डेसिबलचा आवाज धरला आणि १०० डेसिबल ही युरोपात अशा यंत्रांना घातलेली कमाल मर्यादा घेतली, तर संगीताला वावर उरतो तो २० डेसिबलचा. त्याच्या खालचे सगळे इंजिनाच्या आवाजात जाते. आलापीतली हलकी मुरकी, मींडीचे विरत जाणारे टोक, दोन आवर्तनांमधला श्वास हे सगळे त्या खालच्या थरातले. म्हणजे तंत्राने पट्टी वाढवून दिली तेव्हाच श्रोता ती पट्टी वापरता न येणाऱ्या जागी जाऊन बसला होता. ध्वनिमुद्रकांनी मग संगीत दाबून त्या २० डेसिबलांत आणले. मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) या रॉक अल्बमबाबत तो फार दाबला आहे अशी चाहत्यांनीच ओरड केली. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या खेळातली आवृत्ती कमी दाबलेली असल्याने ती अधिक मोकळी वाटत होती.

यावर पहिला आक्षेप असा, की गाणी मोठ्याने वाजवण्याची चढाओढ वॉकमनच्या आधीची आहे. ज्यूकबॉक्समधल्या तबकड्या आणि एफएम केंद्रे एकमेकांवर कुरघोडी करतच होती. हे मान्य करावे लागते. परंतु चढाओढ हेच एकमेव कारण असते, तर ती संपल्यावर दाबणेही संपायला हवे होते. गेल्या दशकात स्ट्रीमिंग सेवांनी सगळी गाणी ठरावीक पातळीवर आणून वाजवायला सुरुवात केली (कानाला जाणवणारा जोर मोजणाऱ्या एलयूएफएस या मापात स्पॉटिफायची पातळी उणे १४). म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे तेथे आपोआप खाली ओढले जाते, दाबल्याचा फायदा उरत नाही. तरीही लोकप्रिय संगीतातली बरीच ध्वनिमुद्रणे पूर्वीसारखीच दाबलेली असतात. ध्वनिमुद्रकांची सवय आणि रुची हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. पण रस्त्यावर ऐकणाऱ्याला हळू आवाज पोहोचत नाही, हे दुसरे कारण वगळून चालत नाही.

दुसरा आक्षेप एमपी३ चा. जर्मनीतल्या एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व सहकाऱ्यांनी घडवलेल्या या पद्धतीत, मोठ्या आवाजाआड जो बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही तो टाकून दिला जातो. सीडीची सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती १२८ वर आणली, की ती जवळपास अकरावा हिस्सा होते. या पद्धतीची कसोटी घ्यायला सुझॅन व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे साथीविना गायलेले गाणे वापरले गेले, कारण एकट्या गळ्यात लपायला जागा नसते. तबल्याचा ‘ना’ त्याहून कठीण. कडक आघाताच्या क्षणभर आधी, शांततेच्या जागी, त्या आघाताचीच भुरकट सावली पडते. कमी माहितीच्या फाइलमध्ये ‘ना’ची कड त्यामुळे बोथट लागते. तानपुऱ्याच्या जवारीतले दाट वरचे स्वर एकमेकांत मिसळून पाण्याखालून आल्यासारखे डुचमळतात. फाइल ठरावीक लांबीच्या तुकड्यांत बांधलेली असल्याने जुन्या प्लेअरवर आलाप संपून गत सुरू होताना मध्येच बारीकशी खाच ऐकू येई. आक्षेप असा खरा आहे, पण तो एका काळापुरता. २५६ किलोबिट व त्यापुढे, चांगल्या प्रणालीने आटवलेले संगीत आणि सीडी यांतला फरक नाव न सांगता ऐकवले तर बहुतेकांना ओळखता येत नाही. आटवण्याचा दोष पुढे दूर होऊ शकला. दाबणे मात्र मूळ ध्वनिमुद्रणातच मुरलेले असते. ते कोणत्याही यंत्राने पुरते उलटवता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : गोंगाट हेच मूळ असेल, तर गोंगाट घालवणाऱ्या हेडफोनने प्रश्न सुटायला हवा. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. त्यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे हेडफोन १९८९ मध्ये, सामान्य ग्राहकांसाठीचे २००० मध्ये आले. बाहेरच्या ध्वनिलहरीला उलटी लहर भिडवून तिला निष्प्रभ करायचे, हे त्यांचे तत्त्व. एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर त्यांना उत्तम साधते. अचानक वाजलेला हॉर्न किंवा फेरीवाल्याची आरोळी त्या मानाने साधत नाही. विमानात शांतता मिळते, दादरच्या पुलावर तेवढी नाही. शिवाय तोवर बाजारात आलेली ध्वनिमुद्रणे गोंगाट गृहीत धरून केलेली होती.

सवयी : टीपीएस-एल२ ला हेडफोनची दोन छिद्रे होती, शिवाय एक नारिंगी बटण, जे दाबल्यावर संगीत हळू होऊन मायक्रोफोनमधून सोबत्याचे बोलणे ऐकू येई. एकट्याने ऐकणे उद्धटपणाचे वाटेल, या भीतीने केलेली ही तजवीज पुढच्या मॉडेलांतून गेली. शुहेई होसोकावा यांनी ‘द वॉकमन इफेक्ट’ (१९८४) या लेखात या एकट्या श्रोत्याची तात्त्विक बाजू मांडली. दोन छिद्रे गेल्यावर लोकांनी आपला मार्ग काढला : एक इअरफोन याच्या कानात, दुसरा त्याच्या. त्यात दोघांनाही अर्धेच संगीत मिळते. साठच्या दशकातल्या काही स्टीरिओ ध्वनिमुद्रणांत गळा एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला आहेत, तेथे एकाच्या वाट्याला नुसती साथ येते.

आयपॉड (२३ ऑक्टोबर २००१, ५ जीबी, १,००० गाणी) आल्यावर गाण्यांचा क्रम श्रोत्याच्या किंवा यंत्राच्या मर्जीवर गेला, २००५ च्या आयपॉड शफलला तर पडदाही नव्हता. उलट दिशेचे उदाहरण सारेगामाच्या ‘कारवाँ’चे (२०१७). ५,००० जुनी गाणी आधीच भरलेली, जुन्या रेडिओच्या घाटाची ही पेटी स्पीकरवर वाजते आणि मुले ती आईवडिलांना भेट देतात. फोनच्या स्पीकरवर सगळ्या डब्याला ऐकवण्याची सवय मात्र उपद्रव ठरली : मुंबईच्या बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलचा आवाज ठेवण्यास मनाई केली. ओट्यावरचा ट्रान्झिस्टर आणि बसमधला फोन यांत यंत्राचा फरक थोडा आहे. ओट्यावरच्यांनी ऐकायला होकार दिलेला होता.

श्रवणशक्ती : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित; आवाज दर ३ डेसिबलने वाढला, की हा वेळ निम्मा होतो.

वायररहित श्रवण : ब्लूटूथवरून संगीत पाठवताना ते वाटेत पुन्हा आटवले जाते, सर्व उपकरणांना बंधनकारक असलेली एसबीसी ही प्रणाली सहसा सेकंदाला ३२८ किलोबिटांपर्यंत जाते. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये काहीही न गाळता आटवलेले संगीत देऊ केले. ॲपलने त्याच वेळी हेही सांगितले, की ते संगीत आपल्या एअरपॉड्सवर तसेच्या तसे ऐकता येणार नाही. त्यासाठी तारेचा हेडफोन लागतो, आणि तारेसाठीचे ३.५ मिमीचे छिद्र त्याच कंपनीने २०१६ मध्ये आयफोनमधून काढून टाकले आहे.