केंब्रिजच्या गणित-परीक्षेतील गुणानुक्रम

'रँग्लर' हा शब्द महाराष्ट्रात व्यक्तिनामापूर्वी बिरुदासारखा लावला जात असे. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी ही नावे कानी पडताच थोर गणितज्ञ असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येई. वस्तुतः रँग्लर ही पदवी नव्हे, आणि संशोधनाशी तिचा साक्षात संबंधही नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या मॅथेमॅटिकल ट्रायपॉस या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांचे ते नाव आहे. दुसऱ्या वर्गास सीनियर ऑप्टिमे व तिसऱ्यास ज्युनियर ऑप्टिमे म्हणत. ही त्रिविध विभागणी १७५३ पासून चालत आली. मूळ शब्दाचा अर्थ वाद घालणारा असा आहे. लॅटिन भाषेतील तोंडी वादविवादांवरून विद्यार्थ्याची योग्यता ठरविण्याच्या जुन्या प्रथेची ती खूण होय.

तोंडी वाद मागे पडून लेखी उत्तरे आली, तसा परीक्षकांवर एक नवाच भार पडला. प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक ठरवावयाचा, आणि तो वादातीत असावयाचा. या यादीतील स्थानावर कॉलेजची फेलोशिप, धर्मखात्यातील वा न्यायखात्यातील प्रवेश, किंबहुना पुढील आयुष्याची सोय अवलंबून असे. शिफारस आणि वशिला यांच्या जागी अंकगणित आले, हे त्या काळाच्या दृष्टीने सामान्य पाऊल नव्हते.

हे अंकगणित कसे चाले याची कल्पना फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १८६९ मधील 'हेरेडिटरी जीनियस' या ग्रंथातून येते. आठ दिवस, रोज साडेपाच तास, अशी ही परीक्षा असे व एकूण गुण सुमारे १७,००० असत. गॉल्टन यांनी मिळविलेल्या एका वर्षाच्या यादीत पहिल्यास ७,६३४, दुसऱ्यास ४,१२३ आणि सन्मानयादीतील शेवटच्यास अवघे २३७ गुण होते. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यासही निम्मे गुण मिळालेले नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रश्नपत्रिका सर्व सोडविता यावी म्हणून काढलेलीच नव्हती. विद्यार्थ्यांना एकमेकांपासून दूर सारणे हे तिचे काम होते. गॉल्टन यांनी या आकड्यांवरून जन्मजात बुद्धीतील तफावत सिद्ध केली. परंतु त्याच आकड्यांवरून लेखनाचा वेग, पाठांतर आणि तयारी यांतील तफावतही तितक्याच सहजतेने सिद्ध करता आली असती.

तयारी करून घेण्याचे काम कॉलेजच्या व्याख्यानांकडून केव्हाच निसटून खासगी शिकवणी घेणाऱ्यांकडे गेले होते. त्यांत एडवर्ड राउथ यांची बरोबरी कोणी करू शकला नाही. १८५४ मध्ये ते स्वतः सीनियर रँग्लर झाले. त्या वर्षी दुसरे आले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल. पुढे राउथ यांनी सहाशेहून अधिक विद्यार्थी तयार केले व १८६२ पासून सलग वीसहून अधिक वर्षे पहिला क्रमांक त्यांच्याच शिष्याकडे गेला. राउथ हे यांत्रिकीचे व्यासंगी लेखक होते. त्यांना केवळ घोकंपट्टीचे गुरू म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि परीक्षेला काय अपेक्षित आहे हे एकदा ठरले की अध्यापनही तेवढेच उरते, हे त्यांच्या यशातूनच दिसते. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) १८४५ मध्ये आणि जे. जे. टॉमसन १८८० मध्ये दुसरेच आले होते. उलट स्टोक्स, केली व रॅले हे पहिले आले होते, तेव्हा यादी नेहमीच चुकली असेही नाही.

खरा आक्षेप निराळा होता. जी. एच. हार्डी १८९८ मध्ये चौथे आले. युरोपात विश्लेषणाची काटेकोर मांडणी कधीच रूढ झाली होती. केंब्रिजचा विद्यार्थी मात्र कूट उदाहरणे चटकन सोडविण्याच्या सरावात गुंतलेला असे. लव्ह यांच्या सूचनेवरून झोर्दां यांचा ग्रंथ वाचला तेव्हा गणित म्हणजे काय याचा उलगडा झाला, असे हार्डी यांनी पुढे नमूद केले. गुणानुक्रम रद्द करण्याच्या चळवळीत ते अग्रभागी होते.

परंतु गुणानुक्रमाची एक बाजू त्याच्या विरोधकांनी पुरेशी तोलली नाही. १८९० मध्ये न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचे स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर झाले. स्त्रियांना त्या विद्यापीठाची पूर्ण पदवी १९४८ पर्यंत मिळाली नाही. क्रमांक मात्र नाकारता आला नाही, कारण तो बेरजेने आलेला होता. १८९९ मध्ये दापोलीनजीकच्या मुर्डी गावी जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जॉर्ज बर्टविसल यांच्यासह संयुक्तपणे पहिले आले. हिंदी माणसाची बुद्धी उच्च गणितास अपुरी, असे म्हणणाऱ्यास या यादीने जे उत्तर दिले ते केवळ 'पहिला वर्ग' या मोघम शब्दाने दिले गेले नसते. परांजपे यांचे पुढील आयुष्य फर्ग्युसनचे प्राचार्यपद व सार्वजनिक कार्य यांत गेले; संशोधक म्हणून त्यांचे नाव घेतले जात नाही. परीक्षेने जे मोजले आणि जे मोजले नाही, ती दोन्ही या एका चरित्रात शेजारी शेजारी आहेत.

१९०७ मध्ये सुधारणा मंजूर झाल्या. राउथ यांचे निधनही त्याच वर्षीचे. १९०९ ची यादी गुणानुक्रमाची शेवटची ठरली. त्यानंतर प्रत्येक वर्गातील नावे वर्णानुक्रमाने छापण्यात येऊ लागली. हार्डी यांचे समाधान एवढ्याने झाले नाही. १९२६ मध्ये मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ही परीक्षाच बंद करावी असे प्रतिपादन केले. ते मान्य झाले नाही. पहिला कोण हे अनौपचारिकपणे कळतच राहिले, आणि १९५९ मध्ये जयंत नारळीकर यांच्या नावापुढे महाराष्ट्रातील वृत्तपत्रांना तेच जुने विशेषण पुन्हा लावता आले.