आजीची दोन वादळं

आमच्या आजीच्या हयातीत वादळं दोनच. एक ‘रामदास’चं, दुसरं अठ्ठेचाळीसचं. गावात कुणाचं वय काढायचं तर ‘वादळाच्या आधीचा की नंतरचा?’ एवढंच विचारत. सांगताना आजी दोन्हींची सरमिसळ करी. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली ती १७ जुलै १९४७ ला काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ते चक्रीवादळ नव्हे, पावसाळी झंझावात होता. मुंबईवरचं चक्रीवादळ आलं ते पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात. आजीच्या गोष्टीत मात्र बोट बुडे त्याच दिवशी घराची कौलंही उडत.

तारखा चुकल्या तरी तिच्या पिढीचा एक हिशेब पक्का होता : असलं तुफान जन्मात एखादंच. खरंच, अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा शांत. तिकडे चार वादळं तर इकडे एक, असंच मानत. पण चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांहून गरम पाणी लागतं, आणि गेल्या चार दशकांत हा समुद्र एक अंशाहून जास्त तापलाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा अलीकडच्या दोन दशकांत इथली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. उपसागरात उलट थोडी घटलेली. प्रत्येक वादळ तापमानवाढीच्या माथी मारणं बरं नव्हे. पण वादळं वाढलीत की नाही, हा वाद आमच्या किनाऱ्यापुरता माझ्या लेखी मिटलाय.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. वाडी साफ होते न होते तोच, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनारा झोडपत गुजरातेत गेलं. “आता वय कुठल्या वादळावरून सांगायचं रे?” काकांनी विचारलं. हसले, पण पुन्हा रोपं लावायला काही उठले नाहीत.

‘निसर्ग’ची भरपाई आधी हेक्टरावर ठरली; आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. वादळं आता तेवढी वाट बघणार नसतील, तर भरपाई झाडामागे द्या, झाडाचं वय बघून द्या आणि किनाऱ्यावरच्या, वादळात तुटणाऱ्या विजेच्या तारा एकदाच्या जमिनीखाली घाला.