समुद्र नसलेल्या दिल्लीत हिमनगांचा नियम

मी द्वारकेतून बोलतोय असं म्हटलं की दर वेळी दोन-चार प्रेक्षक विचारतात, "मग समुद्र दिसत असेल ना घरातून?" तर नाही. ही द्वारका दिल्लीची. पूर्वीचं पप्पनकलां, नंतर डीडीएनं वसवलेली सेक्टर-सेक्टरची वस्ती. खिडकीतून मेट्रो दिसते, पाण्याचे टँकर दिसतात आणि डोक्यावरून विमानं जातात. समुद्र इथून हजारेक किलोमीटर लांब.

आजचा विषय मात्र थेट समुद्राचा, तोही बर्फाळ समुद्राचा. आमच्या सोसायटीतल्या एका मराठी जोडप्यानं निवृत्तीनंतर अंटार्क्टिकाच्या क्रूझची चौकशी सुरू केली. काकांनी मला विचारलं, "तू इतिहासाचं वाचतोस. तिकडे बोट हिमनगाला धडकली तर काय? आणि काही बोटींतून माणसांना किनाऱ्यावर उतरूच देत नाहीत म्हणे, हे कुणी ठरवलं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून काका चकित झाले. हा नियम आपल्याच दिल्लीत ठरला, २००७ साली. आणि त्या बैठकीच्या टेबलाशी भारताला खुर्ची मिळण्यामागे गोव्याचं एक बंदर होतं, मराठी माणसंही होती. पहिल्या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ.

सुरुवात १९५६ पासून करू. नेहरूंच्या सरकारनं संयुक्त राष्ट्रांत मागणी केली की 'अंटार्क्टिकाचा प्रश्न' सर्वसाधारण सभेपुढे यावा. सात देशांनी त्या खंडाचे तुकडे आपापल्या नावावर लावलेले होते. भारताचं म्हणणं होतं, ही जमीन सगळ्या जगाची आहे, तिचा वापर शांततेसाठीच व्हावा. अर्जेंटिना आणि चिलीला हे मुळीच रुचलं नाही आणि भारताला विषय मागे घ्यावा लागला. १९५८ साली पुन्हा प्रयत्न झाला, त्याचंही तेच झालं. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. त्या बारांत भारत नव्हता.

करारात एक मेख होती. सही कोणत्याही देशाला करता येईल, पण निर्णयात मत कुणाला? तर जो देश तिथे खरंखुरं, भरीव संशोधन करून दाखवेल त्याला. म्हणजे भाषणं पुरे, आता बर्फावर येऊन काम करा.

आणि भारत गेला. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्यानं घेतलेलं जहाज निघालं. मोहीम २१ जणांची, नाव 'ऑपरेशन गंगोत्री'. गाजावाजा अजिबात नाही, बेत गुप्त ठेवलेला. नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. ते आधी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. योगायोग बघा, याच संस्थेच्या डॉ. एस. आर. राव यांच्या पथकानं पुढे गुजरातच्या द्वारकेजवळ समुद्रतळाशी शोध घेतला. एकीकडे बुडालेल्या नगरीचा शोध आणि दुसरीकडे तरंगत्या बर्फाचा, दोन्हींचा पत्ता दोनापावला, गोवा!

९ जानेवारी १९८२ रोजी भारतीय पथक अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरलं आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परत आलं. दोन वर्षांनी, १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं पहिलं केंद्र उभं राहिलं. दरम्यान ऑगस्ट १९८३ मध्ये भारतानं करारावर सही केली होती आणि सप्टेंबर १९८३ मध्ये भारताला मतदार देशाचा दर्जा मिळाला. १९५६ साली जे मागून मिळालं नाही, ते सत्तावीस वर्षांनी काम करून मिळालं.

आता त्या तिसऱ्या मोहिमेतल्या एका नावापाशी थांबू या, कारण ते आपल्या घरातलं आहे. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया या मोहिमेत होत्या. एक भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, दुसऱ्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदितीताईंचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. वडील अप्पासाहेब पंत, म्हणजे साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र आणि पुढे भारताचे राजदूत. आई डॉक्टर. अदितीताई पुणे विद्यापीठातून पदवीधर झाल्या. सर ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक हाती पडलं आणि वाटच बदलली. हवाईत आणि लंडनमध्ये शिक्षण झालं आणि मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

औंधची आठवण करून देतो. १९३९ साली औंधच्या राजानं, म्हणजे अदितीताईंच्या आजोबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती सोपवणारी घटना लागू केली. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन यांची मदत होती आणि अप्पासाहेबांचा त्यात पुढाकार होता. राजानं आपणहून राज्य सोडलं, त्याची नात अशा भूमीवर गेली जिथे कोणाचंच राज्य चालत नाही. तिथे ती मालकीसाठी नव्हे, अभ्यासासाठी गेली. दक्षिण महासागराच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती किती वाढतात, कशावर वाढतात, हा त्यांचा विषय. त्या वनस्पतींवर क्रिल जगतं, क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या. भारताला जे मत मिळालं आणि टिकलं, त्याच्या पाठीशी अशी माणसं होती. पाण्याचे नमुने, नोंदवह्या आणि गोठलेली बोटं.

'दक्षिण गंगोत्री'चं काय झालं? ती बर्फाच्या थरावर उभी होती. हिमवर्षावात हळूहळू गाडली गेली आणि १९९० मध्ये सोडून द्यावी लागली. तोवर 'मैत्री' हे दुसरं केंद्र खडकावर उभं राहिलं होतं. २०१२ मध्ये 'भारती' आलं. तेव्हा बर्फाला गृहीत धरायचं नाही, हा धडा आपण स्वतः किंमत मोजून शिकलो आहोत.

आता याच काळात दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते पाहू. १९६६ साली लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन माणसानं अर्जेंटिनाचं जहाज भाड्यानं घेऊन हौशी प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं. त्याचं म्हणणं, माणसानं ही जागा पाहिली तरच तो ती जपेल. १९६९ मध्ये त्यानं खास या कामासाठी फिनलंडमध्ये जहाज बांधून घेतलं, 'लिंडब्लाड एक्सप्लोरर'. छोटं, लाल रंगाचं, बर्फासाठी मजबूत केलेलं. दर्यावर्दी त्याला प्रेमानं 'लिटल रेड शिप' म्हणत. हे नाव लक्षात ठेवा.

पुढे गर्दी वाढली, अपघातही झाले. जानेवारी १९८९ मध्ये 'बाहिया पारायसो' हे अर्जेंटिनाचं रसदवाहू जहाज, पर्यटकही बरोबर असताना, खडकावर आदळलं आणि लाखो लिटर डिझेल पेंग्विनांच्या वस्त्यांलगतच्या पाण्यात गेलं. १९९१ मध्ये पर्यावरण रक्षणाचा माद्रिद करार झाला. त्याच वर्षी सहल कंपन्यांनीही आपली संघटना काढून स्वतःला शिस्त लावायचा प्रयत्न केला.

आणि आलं २००७. त्या जानेवारीत दोन गोष्टी घडल्या. 'गोल्डन प्रिन्सेस' हे तीन हजारांहून अधिक माणसं घेतलेलं अवाढव्य जहाज अंटार्क्टिकाच्या पाण्यात फिरून गेलं. महिन्याच्या शेवटी 'नॉर्डकाप' हे नॉर्वेचं जहाज डिसेप्शन बेटापाशी खडकाला घासलं आणि त्यावरच्या जवळपास तीनशे प्रवाशांना 'नॉर्डनोर्गे' या जोडीच्या जहाजावर हलवावं लागलं. जवळ दुसरं जहाज होतं म्हणून निभावलं. तीन हजारांच्या जहाजाला असं काही झालं असतं तर?

तीनच महिन्यांनी, ३० एप्रिल ते ११ मे २००७, करारातल्या देशांची तिसावी बैठक दिल्लीत भरली. यजमान भारत. दिल्लीचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे, बाहेर लू चाललेली, डांबर मऊ झालेलं आणि आत जगभरचे प्रतिनिधी बर्फाबद्दल बोलत बसलेले. तिथे एकमतानं ठराव झाला. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला माणसं किनाऱ्यावर उतरवू देऊ नयेत. एका जागी एका वेळी एकच जहाज असावं. एका वेळी शंभरापेक्षा जास्त पर्यटक जमिनीवर नसावेत. आणि वीस जणांमागे निदान एक वाटाड्या हवाच.

काकांना उतरू देणार की नाही, याचं उत्तर हे आहे. १९५६ साली ज्या देशाचा विषयसुद्धा चर्चेला घेतला नाही, त्याच्या राजधानीत हा नियम लिहिला गेला, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

पण मंडळी, इतिहास इथे थांबला असता तर मी आज बोललोच नसतो. दिल्लीच्या बैठकीला सहा महिने झाले होते. २३ नोव्हेंबर २००७. किंग जॉर्ज बेटाजवळ रात्रीच्या वेळी तेच लाल जहाज, आता नाव नुसतं 'एक्सप्लोरर', बर्फात शिरलं. जहाजाच्या कुशीला चीर गेली आणि पाणी आत आलं. प्रवासी आणि खलाशी मिळून १५४ माणसं, उघड्या बचाव नौकांमध्ये, बर्फाच्या पाण्यात काही तास थांबली. मदतीला कोण आलं? तेच 'नॉर्डनोर्गे'. सगळे १५४ जण वाचले. त्या दिवशी समुद्र शांत होता, हेच नशीब. जहाज मात्र दीड लाख लिटरहून अधिक डिझेल पोटात घेऊन किलोमीटरभर खोल गेलं.

आता बघा. दिल्लीच्या नियमाप्रमाणे 'एक्सप्लोरर' आदर्श होतं. लहान, शंभरेक प्रवाशांचं, त्याच कामासाठी बांधलेलं, अडतीस वर्षांचा अनुभव असलेलं. मग चुकलं कुठे? चौकशी अहवालाचा रोख कप्तानाच्या अंदाजाकडे होता. समोरचं बर्फ त्याला वाटलं त्यापेक्षा कठीण निघालं.

यासाठी बर्फाची जात समजून घ्यायला हवी. समुद्राचं पाणी एका हिवाळ्यात गोठतं, ते बर्फ खारट, तुलनेनं मऊ. मजबूत जहाज ते फोडत जातं. हिमनग मात्र जमिनीवरून येतो. शेकडो-हजारो वर्षांचा हिम एकावर एक दाबला जाऊन दगडासारखा झालेला असतो. तो समुद्रात सुटतो तेव्हा त्याचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. मोठा हिमनग रडारवर दिसतो, त्याला वळसा घालता येतो. खरी भीती त्याच्यापासून तुटलेल्या लहान तुकड्यांची. एखाद्या मोटारीएवढा तुकडा पाण्याबरोबर जेमतेम डोकं वर काढतो, लाटांच्या गडबडीत रडारला चकवतो आणि वजनाला असतो कित्येक टन. इंग्रज खलाशी त्याला 'ग्राउलर' म्हणतात, गुरगुरणारा. वरवर दोन्ही बर्फं पांढरीच. फरक ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

म्हणून मला वाटतं, दिल्लीचा आकडा किनाऱ्याला जपतो, जहाजाला नाही. पाचशे आणि शंभर या संख्यांनी पेंग्विनांची वस्ती वाचेल, चीर पडायची थांबणार नाही. त्यासाठी वेगळे नियम लागले. २०११ पासून तिथे जड इंधन तेलावर बंदी आली. २०१७ पासून ध्रुवीय संहिता लागू झाली. तिच्यात बर्फातल्या प्रवासाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, आणि उघड्या बचाव नौका चालणार नाहीत, त्यांना छत हवं, हेही आलं. त्या रात्री उघड्यावर काकडलेल्या १५४ जणांची ही कमाई.

काम संपलेलं नाही. दिल्लीचा ठराव शिफारस होता, कायदा नव्हे. २००९ मध्ये बाल्टिमोरला त्याला बंधनकारक रूप द्यायचं ठरलं, पण त्याला सगळ्या मतदार देशांची मंजुरी लागते आणि ती वर्षानुवर्षं रेंगाळली. पर्यटक मात्र थांबले नाहीत, आता एका हंगामात लाखाहून जास्त जातात. भारतानं २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला. मे २०२४ मध्ये हीच बैठक कोचीत भरली तेव्हा पर्यटनाच्या नियमांची सर्वंकष चौकट बांधायचं काम सुरू झालं. म्हणजे यजमान पुन्हा आपणच, आणि आता पाहुण्यांच्या रांगेतही आपणच. मराठी सहल कंपन्यांच्या जाहिरातींत पेंग्विन दिसू लागले आहेत, हे तुम्ही पाहिलं असेल.

काकांना मी जाऊ नका म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, बुकिंग करताना खोलीला बाल्कनी आहे का हे शेवटी विचारा. आधी विचारा, जहाजावर किती प्रवासी, किनाऱ्यावर एका वेळी किती उतरवता, आणि कप्तानानं या बर्फात किती हंगाम काढले आहेत. काकूंनी ते तिन्ही प्रश्न वाणसामानाच्या यादीमागे लिहून घेतले आणि म्हणाल्या, "तिसऱ्याचं उत्तर नीट नाही आलं तर आपण गोव्यालाच जाऊ."

गोव्याला गेलात तरी हरकत नाही. मुरगावला बंदराकडे तोंड करून जरा उभे राहा. आपली बर्फाची वाट तिथूनच सुरू झाली होती.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.